ताटाची आणि मनाची नोंदवही

‘काय खा-खा सुटलीय हिला’, ‘अंगात भस्म्या शिरलाय का रे?’ अशी वाक्ये आपल्या घरांत सहज बोलली जातात. बोलणारा ती विसरतो. ज्याला ती ऐकावी लागतात त्याच्या मनात मात्र ती वर्षानुवर्षे घर करून राहतात. असा माणूस मग चारचौघांत मोजके जेवतो आणि घर झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, घाईघाईने, पोट दुखेपर्यंत खातो. सकाळी त्याला स्वतःची लाज वाटते. आपण हावरट आहोत, आपल्यात निग्रहच नाही, असे त्याला वाटत राहते. वास्तविक अशा अनेकांना एक आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. त्या उपचारातले एक साधे, बिनखर्चाचे साधन म्हणजे जेवणाची आणि मनःस्थितीची नोंदवही. ही वही कशी ठेवायची आणि कशी वाचायची, ते या वेळी समजून घेऊ.

जास्त खाणे वेगळे, ताबा सुटणे वेगळे

भोजनदानाच्या पंगतीत दोन घास जास्त जाणे किंवा लग्नात गोड जरा अधिक खाणे हा आजार नव्हे. आजारात दोन गोष्टी एकत्र दिसतात. पहिली, थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर कोणी खाणार नाही इतके खाल्ले जाते. दुसरी, त्या वेळी ‘आता थांबावे’ असे वाटूनही थांबता येत नाही. याला बिंज इटिंग म्हणतात. अशा वेळी माणूस नेहमीपेक्षा भरभर खातो, भूक नसताना खातो, पोट तडस लागेपर्यंत खातो, लाज वाटते म्हणून एकट्याने खातो आणि नंतर त्याला स्वतःची किळस येते. असे झटके आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने येत असतील आणि त्यांचा मनाला त्रास होत असेल, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे.

खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे किंवा खाल्लेले ‘फेडण्यासाठी’ कडक उपास करणे हे वारंवार होत असेल, तर तो बुलिमिया नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडून हृदयाला धोका होतो. अशा वेळी वही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

हा आजार फक्त लठ्ठ माणसांना होतो, हाही गैरसमज आहे. सडपातळ माणसाला, पुरुषाला, कॉलेजातल्या मुलाला, पन्नाशीच्या बाईला, कोणालाही तो होऊ शकतो.

झटका येतो कुठून?

पहिले कारण साधे आहे : भूक. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वेच्छेने त्यात उतरले होते. सुमारे सहा महिने त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिले गेले. हळूहळू त्यांचे सगळे लक्ष अन्नाभोवती फिरू लागले. ते चिडचिडे झाले, उदास झाले, काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. पुढे पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातील काहींचा खाण्यावरचा ताबा सुटला. भरपूर खाऊनही त्यांना पोट भरल्यासारखे वाटेना. ही माणसे मुळात खादाड नव्हती. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेले शरीर असेच वागते.

आपल्या अनेक घरांत आजी-आजोबांनी भूक पाहिली आहे. ताटात टाकू नये, मिळेल ते खावे आणि कोणाला आपण अधाशी वाटू नये, ही शिकवण तिथून आली. ती आदरानेच जपली पाहिजे. पण त्याच शिकवणीमुळे खाण्यावरचा ताबा सुटला असे सांगणे आपल्याला फार जड जाते. सांगितले नाही की उपचार लांबतात.

दुसरे कारण मनाचे. राग, अपमान, एकटेपणा, कंटाळा, थकवा अशा भावना झटक्याच्या आधी अनेकदा दिसतात. खाताना काही क्षण मन बधिर होते, म्हणून सुटल्यासारखे वाटते. नंतर लाज येते. लाजेपोटी माणूस दुसऱ्या दिवशी जेवण तोडतो. जेवण तोडले की भूक साठते आणि पुढचा झटका तयार होतो. हे चक्र आहे. ते कुठे तोडायचे, हे वही दाखवते.

आठवणीवर का विसंबू नये?

रात्री अंथरुणावर पडून ‘आज काय खाल्ले’ हे आठवायला गेले, तर झटका तेवढा लख्ख आठवतो. दुपारी डबा अर्धाच खाल्ला होता आणि चार वाजता कोणीतरी मनाला लागेल असे बोलले होते, हे पुसून जाते. म्हणून ज्या वेळी खाल्ले त्याच वेळी, फार तर काही मिनिटांत, लिहायचे. इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे मनोविकारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या विचार-वर्तन उपचारपद्धतीत ही तत्काळ नोंद पायाभूत मानली जाते. ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही २०१७ पासून या आजारावर पहिला उपाय म्हणून याच पद्धतीवर आधारलेला, कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली केलेला स्वयंउपचार सुचवलेला आहे.

वही कशी आखायची?

साधी, खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी छोटी वही घ्या. प्रत्येक दिवसाला एक पान. पानावर पाच रकाने आखा :

१. वेळ.

२. काय खाल्ले-प्यायले. साध्या शब्दांत : ‘दोन चपात्या, वाटीभर भाजी’. ग्रॅम नको, कॅलरी नको.

३. कुठे आणि कोणाबरोबर.

४. चांदणी. खाताना ताबा सुटला असे तुम्हाला वाटले, तर त्या ओळीपुढे एक चांदणी काढा. किती खाल्ले याचा इथे संबंध नाही.

५. मन आणि प्रसंग. आधी काय घडले, काय वाटत होते, भूक होती का, नंतर काय वाटले.

कॅलरी लिहायची नाही, याला कारण आहे. आकडे आले की वही परीक्षेची उत्तरपत्रिका होते आणि माणूस पुन्हा स्वतःला नापास करू लागतो. वजनही रोज करू नका. करायचेच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. शरीरातील पाण्यामुळे रोजचा काटा वरखाली होतो. त्यावरून मन वरखाली झाले, की जेवण तोडण्याचा मोह होतो.

लिहिता येत नसेल किंवा हात लिहायला वळत नसेल, तर फोनवर बोलून नोंद करा किंवा खुणा ठरवा. पूर्ण जेवणाला भरलेले वर्तुळ, अर्ध्याला अर्धे, रागाला एक रेघ, एकटेपणाला टिंब. खुणा तुमच्या तुम्हाला कळल्या की पुरे.

एका दिवसाचे पान

समजा, कल्याणहून लोकलने मुंबईला कामावर जाणारी एक बाई आहे. तिचे हे कल्पित पान पाहा.

सकाळी ५.३० : चहा, एक बिस्कीट. घरी, उभ्याने. घाई.

दुपारी १.१५ : एक चपाती, थोडी मेथीची भाजी. ऑफिसात, मैत्रिणींबरोबर. भूक होती, पण वजन कमी करायचे म्हणून अर्धा डबा परत.

दुपारी ४.०० : बिनसाखरेचा चहा. साहेब सगळ्यांसमोर बोलले. अपमान वाटला. उत्तर देता आले नाही.

संध्याकाळी ७.४५ : एक वडापाव. स्टेशनबाहेर, एकटी. डोके दुखत होते, फार भूक. खाल्ल्यावर वाटले, आजचा दिवस वाया गेला.

रात्री ९.३० : थोडा वरणभात. घरी, सगळ्यांबरोबर. सासूबाई ताटाकडे बघत होत्या, म्हणून कमी घेतला.

रात्री ११.४० : चांदणी. चार चपात्या, सुकटीची चटणी, डब्यातली सगळी शेव, सहा पाव साखर लावून. स्वयंपाकघरात, एकटी, दिवा न लावता. एकटे वाटत होते. थांबता आले नाही. नंतर किळस.

हे पान वाचताना नजर थेट ११.४० च्या ओळीवर जाते. ती बाईही बहुधा तीच ओळ वाचून रडेल. पण झटक्याची सुरुवात १.१५ वाजता, परत आलेल्या अर्ध्या डब्यापासून झाली आहे. पहाटे साडेपाचपासून संध्याकाळी पावणेआठपर्यंत, म्हणजे चौदा तासांहून अधिक वेळात, तिच्या पोटात दोन चहा, एक बिस्कीट आणि एक चपाती गेली. त्यात गिळलेला अपमान. त्यात ‘दिवस वाया गेला’ हा निकाल. एका वडापावने कोणाचाही दिवस वाया जात नाही. पण तसे मनाने ठरवले, की पुढे ‘आता काय राहिले, उद्यापासून बघू’ असे म्हणत माणूस सगळे बांध सोडतो. त्यात घरातल्यांची ताटावरची नजर.

चांदणीच्या ओळीपेक्षा चांदणीच्या आधीच्या ओळी महत्त्वाच्या असतात, हे या वहीचे सार आहे.

आठवड्याचे वाचन

रोज रात्री वही तपासू नका. त्या वेळी मन थकलेले असते. आठवड्यातून एकदा, सकाळच्या निवांत वेळी, सात पाने समोर ठेवा आणि हे प्रश्न विचारा :

चांदण्या कोणत्या वेळी येतात? चांदणीच्या आधी पोट किती तास रिकामे होते? कोणत्या जागी, कोणत्या दिवशी त्या जास्त आहेत : पगाराच्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, रात्रपाळीनंतर, पाळीच्या आधी? आधीच्या चार तासांत कोणती भावना पुन्हा पुन्हा दिसते? ज्या दिवशी चांदणी नाही, त्या दिवशी वेगळे काय घडले?

शेवटचा प्रश्न विसरू नका. चांगल्या दिवसांतही माहिती असते. त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला होता, बहिणीचा फोन आला होता किंवा पुरेशी झोप झाली होती, असे काहीतरी हाती लागते.

मग पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल निवडा. एकदम चार नकोत. बहुतेकांना पहिला बदल वेळेवर खाण्याचाच लागतो : दिवसात तीन जेवणे, मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. त्या बाईने डबा पूर्ण खाल्ला आणि लोकल पकडण्याआधी एक केळे किंवा मूठभर चणे-शेंगदाणे खाल्ले, तरी रात्रीचे चित्र बदलू शकते. ‘जास्त खाल्ल्याने जास्त खाणे कसे थांबेल?’ असे अनेकांना वाटते. पण वेळेवर खाल्ले की उपाशीपणातून येणाऱ्या झटक्याचा आधारच निघून जातो. काल रात्री झटका आला असला तरी आज सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. नियमाचा हाच भाग सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत उपयोगीही.

भूक नसताना ओढ लागली, तर ती लाटेसारखी चढते आणि उतरते, हे लक्षात ठेवा. तेवढा वेळ जाईल अशी कामे वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेवा : अंघोळ, गल्लीत एक फेरी, मैत्रिणीला फोन, मुलाच्या अभ्यासाजवळ बसणे, आवडते गाणे. ओढीच्या क्षणी नवे काही सुचत नाही, म्हणून यादी तयार हवी.

‘टेन्शन’ या एका शब्दाने भागत नाही

मनाच्या रकान्यात बहुतेक जण पहिले काही दिवस एकच शब्द लिहितात : टेन्शन. त्या शब्दाने उपाय सापडत नाही. टेन्शन म्हणजे नेमके काय, हे स्वतःला विचारा. राग? भीती? अपमान? हेवा? एकटेपणा? कंटाळा? नुसता थकवा? थकव्याला झोप लागते, एकटेपणाला माणूस लागतो, रागाला बोलायला वाट लागते. नेमका शब्द सापडला की काय हवे होते तेही दिसते.

आणि वहीत अपमानच पुन्हा पुन्हा दिसत असेल, कोणाचा शरीरावरून, कोणाचा रंगावरून, कोणाचा जातीवरून, तर तो तुमच्या मनाचा दोष समजू नका. तो प्रश्न बाहेरचा आहे. त्यासाठी विश्वासाच्या माणसाशी बोलणे, संघटनेची मदत घेणे, रीतसर तक्रार करणे हे वेगळे मार्ग आहेत. वही इतकेच करते : बाहेरचा घाव आणि रात्रीचे ताट यांतला धागा उघड करते.

घरातल्यांसाठी

वही खासगी असते. मागितल्याशिवाय वाचू नका. ताटावर लक्ष ठेवू नका, ‘आज किती चांदण्या?’ असे विचारू नका, कपाटाला कुलूप लावू नका. वजनावरचा विनोद घरातून कायमचा बंद करा. करण्यासारखे असेल ते हे : जेवणाची वेळ पाळा, शक्य तेव्हा एकत्र बसा आणि जेवताना ताटाविषयी सोडून इतर काहीही बोला.

वर्षावासातील अष्टशील

वर्षावासाच्या काळात पौर्णिमेला आपल्यातील अनेक जण अष्टशील पाळतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. निरोगी माणसाला त्यात अडचण नाही. मात्र या आजारातून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी अर्ध्या दिवसाचा उपवास रात्रीच्या झटक्याला निमंत्रण ठरू शकतो. अशांनी बरे होईपर्यंत पंचशील पाळावे आणि अष्टशीलाविषयी डॉक्टरांशी व विहारातील भंतेजींशी मोकळेपणाने बोलावे. विनयातही आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे दुपारनंतर घेण्याची मोकळीक ठेवलेली आहे. आजाराला सवलत देण्यात कमीपणा नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही उपवास करू नये.

वही केव्हा थांबवावी, मदत केव्हा घ्यावी?

वहीमुळे काहींचे झटके पहिल्या काही आठवड्यांतच कमी होतात, कारण लिहायला थांबले की हाताची घाई थांबते. पण वही सर्वांना मानवते असे नाही. लिहू लागल्यापासून दिवसभर अन्नाचाच विचार येत असेल, नोंद चांगली दिसावी म्हणून जेवण तोडले जात असेल किंवा पूर्वी कधी उपाशी राहून वजन धोकादायक घटले असेल, तर वही बाजूला ठेवा आणि तज्ज्ञांना विचारा. काही औषधांनीही भूक फार वाढते. त्यात स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधे येतात. औषध आपल्या मनाने बंद करू नका, वही डॉक्टरांना दाखवा.

उदासी हटत नसेल, उलट्या काढल्या जात असतील किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात जा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘वजन वाढलंय’ एवढेच सांगून परत येऊ नका. ‘माझा खाण्यावरचा ताबा सुटतो’ हे वाक्य स्पष्ट म्हणा. ते म्हणायला जीभ अडत असेल, तर वहीचे एक पान उघडून पुढे करा.

या उपचाराचे पहिले उद्दिष्ट वजन उतरवणे नाही, झटके थांबवणे आहे. म्हणून महिन्याभराने काट्याकडे न पाहता वहीकडे पाहा. चांदण्या कमी झाल्या का? दोन चांदण्यांत अंतर पडले का? झटका आल्यावर दुसऱ्या दिवशीचा नाश्ता केला का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर उपचार लागू पडतो आहे. मधेच एखादा आठवडा वाईट जाईल. त्या आठवड्याची पाने फाडू नका. पुढचा वाईट आठवडा कसा टाळायचा, हे त्याच पानांवर लिहिलेले असते.